चुलीपाशी लागलेलं लग्न

कॉलेजच्या शेवटच्या दिवशी आमचे प्राचार्य दरवर्षी तेच भाषण करायचे. सुट्टी वाया घालवू नका, घरात लोळत पडू नका, बाहेर पडा, चार गावं पाहा, थंड हवेच्या ठिकाणी जाऊन वाचन करा. अमरावतीच्या एप्रिलात, पंखा बंद पडलेल्या सभागृहात बसून ‘थंड हवेचं ठिकाण’ हे शब्द ऐकले की माझं डोकं आणखी तापायचं. पुढच्या रांगेतल्या मुली माना डोलवायच्या. कोणाचे काका चिखलदऱ्याला, कोणाची मावशी पुण्याला. मागच्या रांगेत बसणाऱ्या आम्हा दोघी-तिघींना मात्र कोणी विचारलं नाही, की बायांनो, तुमचं वसतिगृह उद्या बंद होतंय, तर तुम्ही जाणार कुठे?

मी अकोल्याची. तेलगिरणीच्या मागे एका खोलीत आमचं सगळं घर. उन्हाळ्यात घरी जाणं म्हणजे पाणी भरणं, धाकट्यांना सांभाळणं आणि शेजारणी आईला ‘आता हिचं कधी?’ म्हणून विचारतात ते गुमान ऐकणं. सुट्टी मुलग्यांना होती. आमचं नुसतं कॉलेज बंद व्हायचं आणि घर सुरू व्हायचं.

त्या वर्षी मला घराबाहेर राहायला मिळालं, ते प्राचार्यांच्या भाषणामुळे नव्हे. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा दोन-तीन उन्हाळेच झाले होते. आमच्या लोकांनी घरातले देव काढून टाकले होते, सण सोडले होते, पण उन्हाळा आला की लग्नं यायचीच, आणि लग्न लावायचं कसं हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. जुनी रीत सोडली आणि नवी अजून अंगवळणी पडली नव्हती. खेड्यात भिक्खू कुठून आणणार? मग गावोगावची माणसं अमरावतीच्या आणि अकोल्याच्या बोर्डिंगांत यायची आणि कॉलेजच्या पोरांना सोबत घेऊन जायची. ज्याला वंदना म्हणता येते, तो लग्न लावणारा. मिसरूड न फुटलेल्या पोरांपुढे पिकल्या केसांची माणसं हात जोडून उभी राहायची. आमच्या विद्यार्थी मंडळातल्या मुलांची सगळी सुट्टी अशी गावोगाव हिंडण्यात जायची. आज अकोट, उद्या बाळापूर. मला त्यांचा हेवा वाटायचा.

सुट्टी लागायच्या आधी मंडळाची बैठक झाली, तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटलं, मलाही पाठवा. वंदना मला तोंडपाठ होती. पुस्तक हातात न घेता त्रिशरण, पंचशील, लग्नाच्या प्रतिज्ञा, सगळं खडखडीत म्हणायची. मुलांपैकी निम्मे अजून बोट ठेवून वाचत होते. आमचे अध्यक्ष बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला जाणार होते. भाषण फर्डं, शर्ट कायम इस्त्रीचा. ते माझ्याकडे बघून हसले.

“ताई, तुम्ही बायकांना गाणी शिकवा,” ते म्हणाले. “लग्न लावायला बाई उभी राहिलेली लोकांना पटायची नाही. समाजाला हळूहळू घ्यावं लागतं.”

हे ‘हळूहळू’ मी त्या उन्हाळ्यात इतकं ऐकलं, की आजही कोणी तो शब्द उच्चारला की माझ्या कपाळाला आठी पडते. हजारो वर्षांचं एका दिवसात टाकून आलेल्या माणसांनी मला हळूहळू शिकवावं! पण मी गप्प बसले, कारण गाणी शिकवायला का होईना, बाहेर पडायला मिळत होतं.

वडिलांनी परवानगी दिली ती एका अटीवर. जायचं तर आत्याच्या गावी. बार्शीटाकळीच्या पुढे एसटी जिथे सोडते, तिथून पायी जायचं गाव. आत्याच्या पोरीचं लग्न वैशाखाच्या अखेरीला ठरलं होतं, तिला हाताखाली माणूस हवंच होतं. म्हणजे घरापासून दूर जाऊनही मी नात्याच्या दाव्याला बांधलेलीच राहणार होते. तरी मी गेले, आणि एसटीतून उतरून तापलेल्या मातीतून चालताना मला फार बरं वाटलं.

आत्याविषयी आधी सांगते, म्हणजे पुढचं का झालं ते कळेल. पोर अंगावर पीत होती तेव्हाच तिचा नवरा गेला. आमच्यात दुसरा घरोबा करायची, पाट लावायची मुभा होती, आणि नवऱ्याच्या थोरल्या भावानं, ज्यांना सगळी वस्ती मोठेबाबा म्हणायची, स्थळही आणलं होतं. आत्यानं नाही म्हटलं. तेव्हापासून मोठेबाबांनी तिच्या दाराकडे पाठ फिरवली. तिनं निंदणी केली, कापूस वेचला, बांधबंदिस्तीवर माती वाहिली आणि पोरीला शेजारच्या गावच्या शाळेत सातवी पास होईतो धाडलं. दीक्षेला जायचं की नाही म्हणून पुरुष ओट्यावर बसून काथ्याकूट करत होते, तेव्हा ही पोरीचा हात धरून स्टेशनाच्या वाटेला लागली होती. बाकीचे मागून निघाले. परत आल्यावर घरातले देव तिनंच टोपलीत भरून नदीत सोडले. वस्तीतल्या कित्येक घरांचे देवही तिनंच नेऊन सोडले, कारण घरच्या माणसांचा हात धजत नव्हता. अशी ती बाई होती.

गाणी शिकवायला गेलेली मी पहिल्याच दिवशी वंदना शिकवायला लागले. गाणी काय, त्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त येत होती. दुपारी निंबाच्या सावलीत बाजा टाकून बायका शेवया करायला बसायच्या. हात कामात आणि तोंड रिकामं. मी एक ओळ म्हणायची, त्या ती म्हणायच्या. त्यांचे उच्चार पहिल्या आठवड्यात अगाध होते. पण ओवी पाठ करायची सवय असलेली डोकी ती. दुसरी शेवयांची बाज भरेस्तोवर वंदना अशी बसली, की मी मधेच थांबले तर त्या पुढे जायच्या.

वस्तीची सुईण तिथेच तंबाखू मळत बसलेली असायची. सगळी वस्ती तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे तिच्यापुढे कोणाचं काही चालायचं नाही. तिला सगळे बुढी म्हणायचे.

“हे कोन्ती भाषा हाय वं?” तिनं विचारलं.

“पाली, आजी.”

“पोटात दुखल्यावानी वाटते,” बुढी म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून तीही म्हणायला लागली, आणि सगळ्यांत मोठ्यानं म्हणायला लागली.

पुरुषांना मी पन्नासदा बोलावलं. ते समोरच्या ओट्यावर पत्ते कुटत बसायचे आणि आम्हाला हसायचे. “बायका आता भटीन होऊन राहिल्या,” एक जण म्हणायचा. “आमाले कायले पायजे? पोट्टा येईन ना अमरावतीहून, तो म्हनीन.” मी त्यांना सांगितलं, की वंदना एकट्यानं म्हणायची नसते, एकानं सांगायची आणि सगळ्यांनी मागून म्हणायची असते. त्यांनी मान हलवली आणि पत्ते वाटले. धर्म बदलला तरी कष्ट बाईनं घ्यायचे आणि मान पुरुषानं, ही जुनी वाटणी त्यांनी जपून सोबत आणली होती.

लग्नाला थोडे दिवस उरले तेव्हा नवरदेवाकडून नवरीचं पातळ आलं. मुलगा अकोटकडचा, जिनिंगमध्ये कामाला, दीक्षेच्या बाबतीत पक्का. पातळ पांढरंशुभ्र होतं. गाठोडं सोडलं आणि बायकांचे चेहरे उतरले. बुढीनं ते दोन बोटांनी उचललं आणि खाली टाकलं.

“हे तं रांडमुंड बाईचं लुगडं हाय,” ती म्हणाली. “नवरीले नेसवता का हे? त्याइले काई समजते का नाई?”

मी पुढे सरसावले. कॉलेजात ऐकलेलं सगळं बोलले. पांढरा रंग आता सुतकाचा नाही, शुद्धतेचा आहे. नव्या धम्मात नवरा-नवरी पांढऱ्यातच उभी राहतात. शुभ-अशुभ हे आपण सोडून दिलं आहे. मी बराच वेळ बोलले असेन. बुढी तंबाखू चघळत ऐकत राहिली. मग तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या भिंतीशी बसून सुपात डाळ पाखडत होती, अंगावर तेच धुवट पांढरं लुगडं, पोर पाळण्यात असल्यापासूनचं.

“मंग हिचं काय?” बुढीनं मला विचारलं. “नवरीचं पांढरं चांगलं, तं हिचंबी चांगलंच व्हय ना?”

आमच्या मंडळाच्या एवढ्या बैठका झाल्या, त्यात हा प्रश्न कोणी काढला नव्हता. मी तिथल्या तिथे म्हणाले, हो, चांगलंच. आत्याच पुढे बसेल. आईच पोरीचा हात देईल. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि कोणी नाही म्हटलं नाही.

नाही म्हटलं ते आत्यानं.

“मी चुलीपाशीच बरी,” ती म्हणाली, सूप न थांबवता.

“काहून, आत्या?”

“तुले नाई समजाचं. एकच पोरगी हाय मले. माही सावली पडून तिच्या संसाराले काई झालं, तं मी कोनाले तोंड दाखवू?”

मी तिच्याशी भांडले. खरंच भांडले. तेहतीस कोटी देव टोपलीत घालून नदीत सोडणारी ही बाई, आणि स्वतःच्या सावलीला भीत होती. मी म्हटलं, तुझा नवरा तापानं गेला, तुझ्यामुळे नाही गेला. ती म्हणाली, मले मालूम हाय. मी म्हटलं, मग? ती डाळ पाखडत राहिली. तिच्याइतकी धीट बाई मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही, आणि तिच्या मनात ही भीती कोणी घातली असेल त्याचं तळपट होवो, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. देव टोपलीत घालता आले. ही भीती घालायला टोपली कुठून आणायची?

मोठेबाबांना आयतीच संधी मिळाली. नवरीच्या बाजूनं मी आणि माझी मंडळी बसू, त्यांनी जाहीर केलं. पोरीला एक वही घेऊन न देणारा माणूस लग्नात तिचा बाप होऊन बसणार होता. आत्यानं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि बरं म्हटलं. पोरगी दाराआड उभी होती. ती मुलखाची मुकी. लग्न ठरल्यापासून तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. तेव्हाही नाही.

माझी सगळी भिस्त लग्न लावायला येणाऱ्या अध्यक्षांवर होती. लग्नाच्या दिवशी सकाळी ते एसटीच्या थांब्यावरून मागून घेतलेल्या सायकलवर आले. ओट्यावरच्या मंडळींनी पत्ते गुंडाळून त्यांच्या गळ्यात हार घातला. त्यांचं पाणी पिऊन होताच मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही एक शब्द टाका. तुमचं ऐकतील. आत्यालाही तुम्ही सांगा, ती माझं ऐकत नाही, पण तुम्हाला मानेल.

त्यांनी मोठेबाबांना बोलावलं. मोठेबाबा म्हणाले, “साहेब, रांडक्या बाईनं पुढं बसू नाई, हे का आमी आज काढलं? लोक नावं ठेवतीन.”

आणि अध्यक्ष, जे अमरावतीत टेबलावर मूठ आपटून रूढींना मूठमाती द्यायचे, ते मान डोलवून म्हणाले, “आजच्या मंगल दिवशी वाद नको. आई काय, मागून आशीर्वाद देतीलच. समाजाला हळूहळू घ्यावं लागतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, तुम्ही तेवढं स्वागतगीत बसवा.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, स्वागतगीत तुम्हीच म्हणा, आणि तिथून निघून आले. मला वाटलं होतं की माझ्या रागानं काहीतरी होईल. काही झालं नाही. मांडवाची तयारी चालूच राहिली.

उन्हं कलल्यावर लग्न लागायचं होतं. जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव, टेबलावर फोटो, मेणबत्त्या, पांढरा दोरा, टोपलीत फुलं. नवरदेव पांढऱ्या सदऱ्यात येऊन बसला. नवरीला मी आणलं. पांढऱ्या पातळात ती इतकी छान दिसत होती, की कुरकुर करणाऱ्या बायकाही गप्प झाल्या. तिच्या एका बाजूला मोठेबाबा नवा फेटा बांधून बसले, शेजारी त्यांची बायको. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. अध्यक्ष उभे राहून छोटंसं भाषण करायला लागले. विषय होता नव्या धम्मात स्त्रीचं स्थान.

नवरीनं मान न उचलता मला विचारलं, “माय कुठी हाय?”

“मागं. चुलीपाशी.”

ती हातातला हार टेबलावर ठेवून उठली आणि मांडवातून चालू लागली. लोकांना वाटलं, काही अडचण असेल. ती घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेली. मी तिच्या मागे धावले. तिथे जमिनीत खणलेल्या लांब चुलीवर वरणाचं गंज चढलं होतं आणि आत्या मोठ्या पळीनं ते ढवळत होती. पोरगी तिच्या शेजारी, राखेशेजारी, त्या कोऱ्या पांढऱ्या पातळासकट फतकल मारून बसली.

“काय झालं वं?” आत्या घाबरली. “उठ. मांडवातून उठून येत नसतेत.”

“मी इथीच बसतो,” पोरगी म्हणाली. “त्याइले सांगा, लगन इथी लावा.”

“येड लागलं का तुले? जाय पोरी, माह्या गळ्याची शपथ हाय.”

पोरगी हलली नाही. तिनं आईचा पळी धरलेला हात धरला, आणि तो काही केल्या सोडला नाही. आत्या तिला लोटत होती, रागावत होती, आणि शेवटी रडायला लागली. मी तोवर तिला रडताना पाहिलं नव्हतं.

मी मांडवात येऊन सांगितलं, की नवरी चुलीपाशी बसली आहे आणि लग्न तिथे लावा म्हणते. मोठेबाबा ओरडायला लागले. अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. तेवढ्यात बुढी गुडघ्यावर हात टेकत उठली.

“चाला वं,” ती बायकांना म्हणाली. “इथी काय हाय आता?”

आणि बायकांची ती अख्खी बाजू उठली. लेकरं कडेवर घेऊन, पदर सावरत सगळ्या मागच्या अंगणात गेल्या. मोठेबाबांची बायकोही गेली. मांडवात पुरुष, फोटो आणि अध्यक्ष तेवढे उरले.

अध्यक्षांनी प्रसंग सावरायचा ठरवला. “नवरीबाई येईपर्यंत आपण वंदना घेऊ,” ते म्हणाले, आणि हात जोडून पहिली ओळ म्हणाले. पुरुषांनी हात जोडले. पण मागून म्हणणार कोण? उन्हाळाभर पत्ते कुटलेले ते सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. कोणी नुसते ओठ हलवले. कोणी खाकरला. अध्यक्षांना वाटलं ऐकू गेलं नसेल. त्यांनी तीच ओळ पुन्हा, अंमळ मोठ्यानं म्हटली.

तर घराच्या मागून ती ओळ परत आली. सगळ्या बायकांची, एका आवाजात, स्वच्छ. त्यात बुढीचा आवाज वेगळा कळत होता.

अध्यक्षांना थांबताही येईना. दुसरी ओळ त्यांनी म्हटली. पुन्हा मांडव मुका आणि अंगणातून उत्तर. तिसऱ्या ओळीला नवरदेवाचा म्हातारा बाप हसायला लागला. त्यानं पोराच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “हार काय खांबाले घालतं का बाप्पा? जाय, तुह्यं लगन तिकडं लागून राहिलं.”

नवरदेव उठला. स्वतःचा हार त्यानं घेतला, नवरीनं टेबलावर ठेवलेलाही घेतला आणि मागच्या अंगणाकडे निघाला. त्याच्या मागून त्याचा बाप, मग अकोटकडचे पाहुणे, मग लाजत-लाजत ओट्यावरची मंडळी. दोघांनी टेबल उचललं, एकानं फोटो छातीशी धरला. अध्यक्ष मेणबत्त्या घेऊन सगळ्यांच्या मागून आले.

असं ते लग्न चुलीपाशी लागलं. धुरानं सगळ्यांचेच डोळे पाणावले होते, त्यामुळे रडतं कोण आणि डोळे चोळतं कोण हे काही कळत नव्हतं. अध्यक्षांनी वंदना सांगितली, बायकांनी म्हटली. पोरीनं आईचा हात तेवढा हार घालण्यापुरता सोडला आणि परत धरला. आत्यानं मान वर केली नाही, पण ती तिथून हललीही नाही. फुलं टाकायची वेळ आली तेव्हा कळलं, की म्हाताऱ्या बायकांनी सवयीनं पदरात अक्षता बांधून आणल्याच होत्या. फुलांबरोबर त्याही पडल्या, निम्म्या वरणात पडल्या. बुढीनं पहिलं फूल नवरीवर टाकलं नाही. तिनं ते आत्याच्या डोक्यावर ठेवलं.

मोठेबाबा मांडवात एकटे बसून राहिले होते. पंगत बसली तेव्हा मात्र पहिल्या ओळीत आले.

जुलैत कॉलेज उघडलं. मंडळाच्या पहिल्या बैठकीत उन्हाळ्यातल्या कामाचा अहवाल झाला. अध्यक्ष म्हणाले, “बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यात आम्ही विरोधाला न जुमानता एका विधवा मातेला लग्नात मानाचं स्थान मिळवून दिलं. तिथल्या अडाणी स्त्रिया आज पंचशील म्हणतात.” टाळ्या झाल्या. मी उभी राहून म्हटलं, की त्या वेळी तुम्ही मांडवात उभे होता आणि विधवा माता मागच्या अंगणात होती. ते समजूतदारपणे म्हणाले, ताई जरा भावनावश झाल्या आहेत. पुढे ते सरकारी नोकरीत मोठे झाले. अजूनही कुठल्याशा समारंभात ते हा प्रसंग सांगतात असं कानावर येतं, आणि माझा संताप जराही कमी होत नाही. काम करायचं बायकांनी आणि अहवाल वाचायचा यांनी.

आत्याचं म्हणाल, तर तिला त्या दिवसाचा अभिमान वगैरे काही वाटला नाही. ती भीतच राहिली. अकोटकडून कोणी आलं की आधी विचारायची, पोरगी बरी हाय ना? पोरीला दिवस गेले तेव्हा भीती, बाळंतपण झालं तेव्हा भीती, जावयाच्या बोटाला जिनिंगमध्ये जखम झाली तेव्हा तर तिनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. दोन नातवंडं धडधाकट खेळायला लागल्यावर कुठे ती जरा निवळली.

काही वर्षांनी अमरावतीत माझं लग्न ठरलं. तोवर माझे वडील गेले होते. मुलगा प्राध्यापक, घर शिकलेलं, पुस्तकांनी भरलेलं. लग्न एका शाळेच्या हॉलमध्ये होतं, आणि वंदना सांगायला चांगले नावाजलेले गृहस्थ आले होते. आत्या गावाहून शेवयांचं गाठोडं घेऊन आली होती. हॉलमध्ये सगळं व्यवस्थित होतं, खुर्च्या, माईक, फुलांच्या पाकळ्या. मी पांढऱ्या साडीत टेबलाशेजारी बसले होते. नवऱ्याचे थोरले भाऊ माझ्याजवळ आले आणि खाली वाकून, अगदी सौजन्यानं म्हणाले, “तुमच्या आई आणि आत्या आतल्या खोलीत बसल्यात, ते बरंच झालं. आमच्याकडची जुनी माणसं आहेत ना. आपल्याला काही वाटत नाही, पण समाजाला हळूहळू घ्यावं लागतं.”

मी वळून पाहिलं. पुढच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या दोघींना कोणी उठवलं नव्हतं. कोणी सांगायच्या आधी त्या आपणहून आत गेल्या होत्या.

मी हातातला हार टेबलावर ठेवला आणि उठले. माईकवरचे गृहस्थ थांबले. मी आतल्या खोलीचं दार ढकललं. आई आणि आत्या सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. आई घाबरून उठायला लागली. आत्यानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं, मग स्वतः जरा बाजूला सरकली आणि सतरंजीवर माझ्यासाठी जागा केली.

“बस,” ती म्हणाली. “येतीन ते.”